कुकर, चक्का आणि मैल्यातलं इंधन

शनिवारच्या सकाळी तुमच्या हातात बहुतेक चहाचा कप असेल, आणि आजचा विषय काही चहाबरोबर घेण्यासारखा नाही, हे आधीच कबूल करतो. कप रिकामा करून घ्या, मग सुरू करू.

आपल्याकडे दर महिन्याला, काहींकडे तीन महिन्यांनी, पाण्याचं बिल येतं. कधी नीट वाचलंय? त्यात आलेल्या पाण्याचे पैसे असतात आणि गेलेल्या पाण्याचेही असतात. बऱ्याच घरांत गेलेल्या पाण्याची रक्कम मोठी असते. माझ्या मुलीने परवा तेच विचारलं, "बाबा, घाण पाणी घेऊन जायला आपणच पैसे का द्यायचे?" प्रश्न रास्त आहे. पाणी स्वच्छ करून नदीत सोडता येतं, पण त्यातून काढलेला गाळ उरतोच. तो रोज येतो आणि सणवारालाही थांबत नाही. त्याचं करायचं काय? "जाळून इंधन म्हणून वापरता येईल की!" असं कुणीही पटकन म्हणेल. मीही म्हणालो होतो आणि तोंडावर पडलो होतो.

ती गोष्ट आधी सांगतो. माझा धंदा आयटी सल्लागाराचा. इंजिनिअरिंग झालं, मग एमबीए झालं, आणि आता लोकांच्या ऑफिसांत जाऊन सॉफ्टवेअर बसवून देतो. दहा-बारा वर्षांपूर्वी एका छोट्या शहराच्या सांडपाणी विभागात काम मिळालं. पंप, मोटारी, टाक्या यांच्या देखभालीची नोंद ठेवणारी प्रणाली बसवायची होती. तिथल्या साहेबांनी सहज विचारलं की गाळ वाहून नेण्यावर इतका खर्च होतो, काही वेगळं सुचतं का? झालं! माझ्यातला एमबीए जागा झाला. मी एक्सेल उघडलं. सुक्या गाळाचा उष्मांक किलोमागे साधारण १६ हजार किलोज्यूल, म्हणजे हलक्या प्रतीच्या कोळशाच्या जवळपास. वर्षाला इतके टन गाळ, कोळशाचा इतका भाव, गुणाकार केला आणि खाली नफ्याचा मोठा आकडा आला. स्लाइड्स तयार झाल्या, आणि शहराच्या समितीपुढे मांडायची तारीखही ठरली.

आदल्या दिवशी तिथला पाळीप्रमुख, माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, मला गाळ दाबण्याच्या यंत्रापाशी घेऊन गेला. दाबून बाहेर पडलेला गाळ काळ्या ओल्या मातीसारखा दिसत होता. त्याने हातमोजे दिले आणि म्हणाला, उचल मूठभर. मी उचलला. मग त्याने विचारलं, "यात पाणी किती असेल?" मी म्हटलं, "फार तर तीस टक्के." तो हसला. म्हणाला, "पंचाहत्तर. तुझ्या कागदावर कोळसा दिसतोय, पाणी कुठे दिसत नाही."

त्या रात्री मी हिशोब पुन्हा केला, आणि दुसऱ्या दिवशी समितीपुढे ती स्लाइड मागे घेतली. लाज वाटली. पण माझ्या आकड्यावर त्या गावाने कर्ज काढलं असतं, तर ते फेडणाऱ्या घरांच्या बिलात माझी चूक वीस वर्षं येत राहिली असती. म्हणून हा विषय तेव्हापासून डोक्यातून गेला नाही.

आता तो हिशोब तुम्हालाही सांगतो. कठीण नाही.

एक किलो पाणी घरातल्या तापमानापासून तापवून पूर्ण वाफ करायला साधारण २,६०० किलोज्यूल उष्णता लागते. पाणी उकळीपर्यंत आणायला त्यातली थोडीच जाते. मोठा खर्च उकळत्या पाण्याची वाफ करण्यात होतो. चहाचं पाणी पाच मिनिटांत उकळतं, पण तेच पाणी पूर्ण आटवायला किती वेळ गॅस जाळावा लागतो ते आठवा. बासुंदी आटवणाऱ्यांना हे शिकवायला नको.

आता सांडपाण्यातून बसलेला गाळ घ्या. तो आधी घट्ट केला तरी त्यात सुमारे ५ टक्केच घन पदार्थ असतो. म्हणजे एका किलोत ५० ग्रॅम जळण, ज्यात उष्णता ८०० किलोज्यूल. उरलेलं ९५० ग्रॅम पाणी उडवायला लागणार जवळजवळ २,५०० किलोज्यूल. आठशे मिळवायला अडीच हजार घालायचे! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

यंत्राने दाबून २५ टक्क्यांपर्यंत आणला तर? एका किलोत २५० ग्रॅम जळण, म्हणजे ४,००० किलोज्यूल. पाणी ७५० ग्रॅम, ते उडवायला १,९५० किलोज्यूल. म्हणजे निम्मं जळण स्वतःचंच पाणी सुकवण्यात जातं. उरलेल्या निम्म्यातून भट्टी, धूर गाळायची यंत्रं, राख, माणसांचे पगार, सगळं भागवायचं. माझ्या स्लाइडवरचा नफा असा वाफ होऊन उडून गेला.

तेव्हा मैल्याच्या गाळातून इंधन करणं म्हणजे मुळात पाण्याशी झुंज आहे. आणि ती एकट्या मैल्याची नाही. कोळशाच्या खाणींतही अगदी हेच दुखणं आहे. तिकडे थोड्या वेळाने येतो.

आधी हे पाणी इतकं चिवट का, ते पाहू. तुम्ही घरी श्रीखंड करता. दही पातळ कापडात बांधून टांगलं की रात्रभर पाणी ठिबकतं. सकाळी चक्का तयार होतो. आता तो चक्का कितीही पिळा, आणखी पाणी सहजासहजी निघत नाही. पण चक्का काही कोरडा नसतो! त्यातलं पाणी आत धरलेलं असतं. गाळाचंही तसंच. त्यात कोट्यवधी जिवाणूंच्या पेशी असतात आणि त्यांच्याभोवती त्यांनीच तयार केलेला बुळबुळीत चिकट थर असतो. मोकळं पाणी दाबून निघतं. पेशींतलं आणि त्या चिकट थरातलं पाणी दाबाला दाद देत नाही.

मग करायचं काय? माणसाने यातून दोन हुशार वाटा काढल्या आहेत.

पहिली वाट म्हणजे पाणी काढायचंच नाही. इंधनालाच पाण्यातून उठून बाहेर येऊ द्यायचं. आपल्याला ही वाट चांगली ठाऊक आहे. गोबरगॅस! हवाबंद टाकीत शेण आणि पाणी. हवेशिवाय जगणारे जिवाणू आपलं काम करतात, मिथेन तयार होतो, आणि त्याचे बुडबुडे आपोआप वर येतात. पाण्यापासून इंधन वेगळं करायला एक पैसा खर्च नाही. म्हणून ओल्या कचऱ्यासाठी हा मार्ग इतका टिकला. महाराष्ट्रात शौचालयाला गॅसची टाकी जोडण्याचं काम तळमळीने करणारी माणसं होऊन गेली. देहूचे डॉ. मापुसकर यांनी गावात संडास आणि त्यांना जोडलेले गॅस प्रकल्प यांसाठी आयुष्य वेचलं. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यांच्याआधी कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैलासफाईला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी धडपड केली. आपल्या भाषेत मैल्याच्या खताला 'सोनखत' म्हणतात. ज्याने हा शब्द केला त्याला हिशोब कळत होता.

पण या वाटेची एक अडचण आहे. जिवाणूंना त्या पेशी फोडायला फार वेळ लागतो. टाक्या प्रचंड मोठ्या बांधाव्या लागतात आणि निम्मा माल न पचताच बाहेर पडतो.

इथे येते दुसरी वाट, म्हणजे आपला कुकर.

तूरडाळ पातेल्यात शिजायला तास लागतो आणि कुकरात तीन शिट्ट्या पुरतात. कारण कुकरात दाब वाढतो, पाणी १०० अंशांना उकळत नाही, तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. आता असा कुकर कल्पा जो इमारतीइतका उंच आहे, ज्यात दाब घरच्या कुकरच्या सहापट आणि तापमान सुमारे १६५ अंश. त्यात गाळ भरायचा, वाफ सोडायची, अर्धा तास ठेवायचा. मग दाब एकदम कमी करून तो दुसऱ्या टाकीत सोडायचा. ज्वारीची लाही कशी फुटते? आतलं पाणी तापतं, दाब वाढतो, आणि दाणा टचकन उमलतो. इथे जिवाणूंच्या पेशी तशा फुटतात. त्यातलं सगळं बाहेर पडतं. चिकट थरही विरघळतो. याला थर्मल हायड्रोलिसिस म्हणतात.

आता यातली गंमत बघा. इथे पाणी १६५ अंशांपर्यंत तापवलं, पण त्याची वाफ केली नाही. किलोमागे खर्च साधारण ६०० किलोज्यूल. वाफ करायला लागले असते २,६०० आणि तीही वाया गेली असती. इथे दाब सोडताना जी वाफ सुटते ती पुढच्या घाण्याचा गाळ तापवायला परत वापरतात. एका कुकरची वाफ दुसऱ्याला.

ही पद्धत नॉर्वेतल्या हामार इथे १९९५ साली पहिल्यांदा कामाला लागली. आणि उत्तर अमेरिकेतला असा पहिला प्रकल्प कुठे आहे? आपल्या वॉशिंग्टन परिसरातल्या श्रोत्यांच्या तर नाकासमोर! शहराच्या दक्षिण टोकाला, पोटोमॅक नदीच्या काठी, ब्लू प्लेन्स. विमान नॅशनल एअरपोर्टला उतरताना नदीपलीकडे गोल टाक्यांची रांग दिसते, तेच. राजधानीचं आणि शेजारच्या मेरीलँड, व्हर्जिनियाच्या काही काउंट्यांचं, वीस लाखांहून जास्त माणसांचं पाणी तिथे जातं. मॉन्टगोमेरी काउंटीतल्या तुमच्या घरातली भांडी घासल्यावरचं पाणी बहुतेक तिथेच पोचतं. दिवसाला सुमारे ३० कोटी गॅलन. लिटरमध्ये शंभर कोटींच्या पुढे.

तिथे २०१५ च्या शरद ऋतूत हे कुकर सुरू झाले. कुकरातून निघालेला गाळ थंड करून चार प्रचंड पचनटाक्यांत जातो. प्रत्येक टाकी ३८ लाख गॅलनची. पेशी आधीच फुटलेल्या असल्याने जिवाणूंना शिजलेलं अन्न मिळतं, आणि दाट गाळही पातळ होऊन सहज ढवळला जातो. जुन्या पद्धतीने याहून कितीतरी जास्त टाक्या लागल्या असत्या. टाकीतून मिथेन निघतो, तो गॅस टर्बाइनमध्ये जळतो, वीज होते, आणि टर्बाइनच्या गरम धुरावर कुकरसाठी वाफ तयार होते. सगळा खर्च भागून निव्वळ सुमारे १० मेगावॅट वीज मिळेल अशी आखणी होती, म्हणजे त्या केंद्राच्या गरजेच्या जवळजवळ एक तृतीयांश. आणि हे केंद्र शहरातल्या सगळ्यात मोठ्या वीजग्राहकांपैकी आहे, त्यामुळे एक तृतीयांश हा चिल्लर आकडा नाही.

आता एमबीएची टोपी घालतो. प्रकल्पाचा खर्च किती? सुमारे ४७ कोटी डॉलर. दहा मेगावॅट वीज वर्षभर एक मिनिटही न थांबता मिळाली आणि युनिटला दहा सेंट भाव धरला, तर वर्षाला होतात पावणेनऊ दशलक्ष डॉलर. भागाकार करा. नुसत्या विजेवर पैसे वसूल व्हायला पन्नास वर्षांहून जास्त! कुठल्याही बँकेने हाकलून दिलं असतं.

मग त्यांनी हे केलं का? कारण पूर्वी त्या गाळात चुना मिसळून तो ट्रकने दूरच्या शेतांवर न्यावा लागे. रोज हजार टनांच्या पुढे. चुन्याचे पैसे, डिझेलचे पैसे, वाहतुकीचे पैसे. कुकर आल्यावर गाळ निम्म्याहून कमी झाला. मिथेन होऊन बराचसा उडाला आणि उरलेल्यातलं पाणी चांगलं पिळून निघू लागलं. चुना लागेनासा झाला. शिवाय १६५ अंशांवर रोगजंतू मरतात, म्हणून जे उरतं ते सरकारी नियमांनुसार वरच्या वर्गाचं खत ठरतं. ते 'ब्लूम' या नावाने विकलंही जातं.

माझ्या त्या फसलेल्या स्लाइडमध्ये नेमकं हेच चुकलं होतं. मी गाळाकडे कोळशासारखं पाहिलं, किलोला किती उष्णता आणि किती भाव. गाळाचा खरा पैसा तो विकून मिळत नाही. तो वाहून न्यावा लागला नाही, पुरावा लागला नाही, यात असतो. हे असं इंधन आहे जे घेऊन जा म्हणून मालकच पैसे देतो. वीज हा वरचा नफा. ज्यांनी ती मुख्य कमाई धरली, त्यांचं गणित बहुधा फसलं.

आता कोळशाकडे वळू. म्हणालो होतो ना, दुखणं तेच आहे.

आपल्यापासून काही तासांच्या ड्राइव्हवर वेस्ट व्हर्जिनिया आहे. फॉल कलर्स बघायला आपण जातोच. तिथे खाणीतून निघालेला कोळसा पाण्याने धुतात, म्हणजे दगडमाती वेगळी होते. धुतल्यावर मोठे तुकडे विकले जातात. पण पिठासारखी बारीक कोळशाची भुकटी, चिकणमाती आणि पाणी यांचा काळा चिखल उरतो. स्लरी म्हणतात तिला. ती डोंगरातल्या दरीत बांध घालून साठवतात, वर्षानुवर्षं.

२६ फेब्रुवारी १९७२ च्या सकाळी, वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीकवर असा बांध फुटला. काळ्या पाण्याची लाट दरीतली गावं धुऊन घेऊन गेली. १२५ माणसं गेली आणि हजारो बेघर झाली. पुढे ऑक्टोबर २००० मध्ये शेजारच्या केंटकीत, मार्टिन काउंटीत अशाच तळ्याचा तळ खालच्या बंद खाणीत फुटला आणि सुमारे ३० कोटी गॅलन चिखल ओढ्यांतून वाहिला. आकडा ओळखीचा वाटला? ब्लू प्लेन्सला दिवसभरात जेवढं पाणी येतं तेवढा चिखल. तिथे माणसं वाचली, पण मैलोगणती ओढे मेले.

आणि त्या चिखलात चांगला कोळसा असतो! मग काढत का नाहीत? पुन्हा पाणी. तुम्ही जाड पोहे भिजवले तर निथळून मोकळे होतात. पातळ पोहे तसेच भिजवले तर लगदा होतो. कण जितका बारीक तितका त्याचा पृष्ठभाग जास्त, आणि पाणी पृष्ठभागालाच चिकटतं. या भुकटीतून पाणी काढणं म्हणजे लगदा झालेले पोहे निथळवणं.

पण कोळशाचा एक गुण कामाला येतो. स्वच्छ कोळसा पाण्याला जवळ करत नाही. त्याला तेल आणि हवा आवडते. चिकणमातीचं उलट, ती पाण्यात रमते. म्हणून चिखलातून हवेचे बारीक बुडबुडे सोडले की कोळशाचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात, माती खाली राहते. डाळ उकळताना वर आलेला फेस आपण पळीने काढतो, तसा हा फेस काढून घ्यायचा. आपल्या शेजारच्या व्हर्जिनिया टेकमध्ये या बारीक बुडबुड्यांच्या तंत्रावर बरंच काम झालं. तिथल्याच संशोधकांनी पुढे हलकं तेल वापरून कोळशाच्या कणावरचं पाणी ढकलून काढण्याची पद्धत शोधली. तेल परत मिळवायचं आणि पुन्हा वापरायचं. पाणी उकळवायची गरज नाही.

दुसरा विचारही झाला. पाणी काढायचं कशाला, ते राहू द्या! बारीक कोळसा ६० ते ७० टक्के, उरलेलं पाणी, आणि कण तळाशी बसू नयेत म्हणून थोडं रसायन. असं मिश्रण जड तेलासारखं वाहतं, पंपाने नेता येतं, फवारून जाळता येतं. १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले तेव्हा अमेरिकेत यावर धडाक्याने काम सुरू झालं. १९८६ मध्ये तेल कोसळलं आणि उत्साहही कोसळला. धंद्याचं गणित तेलाच्या भावाला बांधलं की असं होतं.

मग लिग्नाइट. नॉर्थ डकोटात या तपकिरी, कोवळ्या कोळशाच्या मोठ्या खाणी आहेत. त्यात पाणी ३५ ते ४० टक्के, आणि तेही कणाच्या आत. सुकवला तरी हवेतून पुन्हा पाणी ओढतो, आपल्या कोकणातल्या पावसाळ्यातल्या पापडासारखा. तिथल्या संशोधकांनी त्याला कुकरात घातलं. पाण्यातच ठेवून, मोठ्या दाबाखाली, अडीचशे अंशांच्या पुढे तापवलं. लिग्नाइटमध्ये जे ऑक्सिजनचे गट पाण्याला धरून ठेवतात, ते तुटून कार्बन डायऑक्साइड होऊन निघून गेले. आतलं पाणी वाफ न होता बाहेर आलं आणि कोळशाची पाण्याशी मैत्रीच तुटली. पुन्हा भिजवला तरी आधीइतकं पाणी तो घेईना.

आता धागा जुळला का? गाळ आणि लिग्नाइट, दोघेही पाण्याला आतून धरतात. दोघांवर उपाय तोच. मैल्याच्या गाळाला ब्लू प्लेन्सपेक्षा जास्त, दोनशे अंशांच्या पुढे शिजवलं तर जिवाणूंच्या पचनाची गरजच उरत नाही. गाळाचं थेट कोळशासारखं काहीतरी होतं, पाणी दाबून निघतं, आणि वाळवून भट्टीत घालता येतं. कागदावर सुंदर. कॅलिफोर्नियात रियाल्टो शहरात याच तत्त्वावर मोठा प्रकल्प उभा राहिला. लॉस एंजेलिस आणि ऑरेंज काउंटीकडचा गाळ तिथे आणायचा, त्याचं इंधन करायचं आणि सिमेंटच्या भट्ट्यांना विकायचं. २००९ च्या सुमारास तो सुरू झाला. पण पूर्ण क्षमतेने कधी नीट चालला नाही आणि काही वर्षांतच बंद पडला.

रसायनशास्त्र खोटं होतं का? नाही. पण मैला म्हणजे प्रयोगशाळेतला नमुना नव्हे. त्यात केस, वाळू, चिंध्या, प्लास्टिक, सगळं येतं. इतक्या दाबाखाली असा माल चोवीस तास पंप करायचा तर पाइप चोंदतात, झडपा झिजतात, उष्णता बदलणाऱ्या नळ्यांना थर बसतात. पिळून काढलेलं पाणी पुन्हा अमोनियाने भरलेलं असतं, ते शुद्ध करायचा खर्च वेगळा. आमच्या आयटीत डेमो चालणं आणि प्रॉडक्शनमध्ये तीन वर्षं चालणं यात जितकं अंतर, तितकंच इथे. म्हणून ब्लू प्लेन्सचं कौतुक वाटतं. त्यांनी नॉर्वेत वीस वर्षं घासूनपुसून सिद्ध झालेलं यंत्र घेतलं आणि तापमानाची हाव धरली नाही.

आता तुम्ही म्हणाल, ब्लूमसारखं खत मिळतंय, मग झालं की! इंधनाचा हट्ट कशाला? इथे एक नवी अडचण उभी राहिली आहे आणि ती आपल्या परसबागेपर्यंत येते. नॉनस्टिक भांडी, पाणी न धरणारी जॅकेट्स, डाग न पडणारे गालिचे यांत पीएफएएस नावाची रसायनं वापरली गेली. ती सहजासहजी नष्ट होत नाहीत. कपडे धुतले, भांडी घासली की थोडी थोडी नाल्यात जातात आणि गाळात बसतात. कुकर जंतू मारतो, पण १६५ अंशांना ही रसायनं ढिम्म हलत नाहीत. मेन राज्यात गाळ घातलेल्या शेतांत ती सापडली, शेतकऱ्यांच्या दूधदुभत्यात उतरली, आणि २०२२ मध्ये त्या राज्याने गाळ शेतात घालण्यावर बंदीच आणली. पर्यावरण संस्थेनेही जानेवारी २०२५ मध्ये या धोक्याच्या मूल्यमापनाचा मसुदा जाहीर केला. म्हणून खताचा दरवाजा किलकिला झाला की गाळ जास्त तापमानात जाळण्याचा, त्याचं इंधन करण्याचा प्रश्न पुन्हा पुढे येतो. नाहीतर तो जमिनीत पुरायचा, आणि त्याचे पैसे तुमच्याआमच्या बिलात.

कुणी विचारतं, असं खत घरी वापरावं का? नियम परवानगी देतात. मी फुलझाडांना आणि लॉनला घालायला तयार आहे. मेथी-कोथिंबिरीला घरच्या कंपोस्टवर भागवतो. हा माझा निर्णय, तुम्ही वाचून तुमचा घ्या.

कोळशाच्या तळ्यांचंही माझं मत सांगतो. त्यातला कोळसा काढून जाळला तर धूर होणारच, आणि नैसर्गिक वायू स्वस्त असताना त्याला भाव येणं अवघड. पण गावाच्या डोक्यावरचं तळं रिकामं होणं, याची किंमत कोळशाच्या भावात मोजायची नसते. बफेलो क्रीकच्या लोकांना विचारलं तर ते सांगतील.

जाता जाता घरच्यासाठी दोन गोष्टी. पहिली, दिवाळीच्या फराळाचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका. गंमत अशी की तेच तेल पचनटाकीपर्यंत पोचलं तर उत्तम गॅस देतं. पण वाटेत ते थंड होऊन पाइपला थिजतं, आणि सगळ्यात आधी चोंदतो तुमच्याच बेसमेंटमधला. डब्यात भरा आणि काउंटीच्या संकलन केंद्रावर द्या. दुसरी, पाकिटावर 'फ्लश करता येतं' लिहिलेले वाइप्सही टॉयलेटमध्ये टाकू नका. ते विरघळत नाहीत, पंपांच्या गळ्यात अडकतात. ते काढायला कुणीतरी माणूस हातमोजे घालून खाली उतरतो.

मुलीला मी काय उत्तर दिलं? म्हटलं, घाण घेऊन जायचे पैसे आपण देत नाही, पाणी वेगळं काढायचे देतो. ती म्हणाली, "म्हणजे श्रीखंड करायचे." मी पुढे काही बोललो नाही. माझ्या एक्सेलपेक्षा तिला लवकर कळलं.

ब्लू प्लेन्स जवळून पाहायचं असेल तर गटाने भेट देण्याची सोय असते, मुलांना जरूर न्या. तुमचे प्रश्न आणि अनुभव नेहमीप्रमाणे कळवा. पुढच्या शनिवारी भेटूच. तोवर कुकरची शिट्टी झाली की आजचा कार्यक्रम आठवा.